माप

करावे गावात, तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत माझं दुकान.
बोर्डावर अजून 'फॉल-पिको' एवढंच,
बाकीचं लोक विचारून घेतात.

सुलास्त्री आली ती मार्चमध्ये.
पलीकडच्या टॉवरात बारावा मजला,
नवरा बेलापूरला, जहाजांच्या कंपनीत.
नाव ऐकून मी म्हटलं,
आमच्याकडे स्त्री शेवटी बसते, सगळ्यांची जेवणं झाल्यावर;
तुमच्याकडे थेट नावातच शेवटी.
ती हसली, कळलं नसताना.

पिशवीतून तिनं अबोली रंगाची लेस काढली,
सेमारांगहून आईनं पाठवलेली.
केबाया शिवायचा होता, पुढून उघडा,
छातीशी तीन पिना, बाही मनगटापर्यंत.
"मनगटापर्यंत," ती दोनदा म्हणाली, मोडक्या हिंदीत, हळू,
जणू सांगणं म्हणजेच मला त्रास.

बाही आखूड झाली. एक इंच.

मी हर्षदावर ओरडले, तिच्यासमोरच.
"दोन वर्षं झाली, आकडा वाचता येत नाही?"
पोरगी हातातल्या टेपकडे बघत राहिली.
सुलास्त्रीनं आरशापुढे हात वर-खाली केला.
"माझाच हात वाढला असेल. इकडची हवा."
आणि पूर्ण पैसे ठेवले,
नोटा सरळ करून.

दारात मात्र थांबली.
आमच्या जावात एक शब्द आहे, म्हणाली, तेपा सलिरा.
तेपा म्हणजे माप. टेपवर बोट ठेवलं.
सलिरा म्हणजे,
आणि स्वतःच्या खांद्यावरून, पोटावरून हात फिरवला.
शरीर! मी म्हटलं.
शरीर, ती म्हणाली, जिभेवर तोलून.
दुसऱ्याला लावायचं ते आधी
आपल्या अंगाला लावून बघायचं. एवढंच.
हर्षदाकडे तिनं पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही.
उंबऱ्याशी जोडीनं ठेवलेल्या चपला घातल्या, गेली.

मला राग आला, खरं सांगते.
बावीस वर्षं या गावच्या हळदीचे ब्लाउज शिवते मी,
आणि ही मला माप शिकवते!

रात्री शटर अर्धं ओढून
आरशापुढे उभी राहिले, पहिल्यांदाच.
तो गिऱ्हाइकांसाठी लावलेला. माझं मशीन त्याच्या मागे,
मला दिवसभर दिसतं ते प्लायवूड.
टेप घेतली, माझ्याच खांद्याला लावली,
आणि खांद्यावर आला आकडा एक.

शून्य नव्हतंच.
टोक झिजलं म्हणून मीच कापलं होतं, गणपतीच्या घाईत,
पितळी पट्टीसकट.
तेव्हापासून अंगाचं माप घेताना मी एक वजा करते,
कापडावर आखताना एक मिळवते.
हाताला ठाऊक झालं, तोंडातून कधी निघालंच नाही.
वहीत मी लिहिलं अठरा,
पोरीनं अठरावर खडू मारला.

मग ते वाक्यही लावून पाहिलं अंगाला.
आकडा वाचता येत नाही?
खांद्यात तंग. गळ्याशी काचतं.
काखेत तर उसवलंच.

सकाळी दुकानात दोन बायका येईपर्यंत थांबले.
चारचौघांत ओरडले, तर चारचौघांतच सांगायला हवं.
ओठ कोरडे पडले. बाहेर कोळीण मांदेली मोजत होती,
तिचा हिशोब संपू दिला.
"हर्षदा, ती चूक माझी. टेप एकपासून सुरू होते."

तिनं मान वर केली नाही.
"ठाऊक आहे, मावशी.
तुम्ही ओरडलात ना, तेव्हाच दिसलं."

मग बोलली का नाहीस, गं?

तिनं दातांनी दोरा तोडला.
"गिऱ्हाईक होतं ना समोर."